भुवया भरताना

कासार आंबोलीच्या डोंगरावरून सकाळचे ऊन सावकाश उतरत असे; आधी पेरूच्या शेंड्यावर, मग गॅलरीच्या कठड्यावर, आणि शेवटी खिडकीशी आरशापुढे बसलेल्या मृण्मयीच्या कपाळावर येऊन थबके. त्या उजेडात तिच्या विरळ भुवया जवळजवळ नाहीशा होत. पेन्सिलीने एकेक रेघ ओढून ती त्या भरत असे, आणि तिचा नवरा निषाद पलंगावरून पाहत राही.

अलीकडे ती डोळे मिटून बसू लागली होती.

"डोळे मिटून भुवया कशा भरतेस?" आज त्याने विचारलेच.

"हलू नको म्हटल्यावर काय करणार?"

"कोण म्हणतं?"

ती नुसती हसली. "उठल्या उठल्या चौकशा नकोत रे. चहा ठेव जा."

तो उठला नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. टोपण लावलेली पेन्सिल खिडकीत पडली होती. तरीही तिच्या डाव्या भुवईत केसासारखी बारीक रेघ उमटली, तिच्या शेजारी दुसरी. आणि कुणी बोटाने उचलावी तशी तिची हनुवटी अलगद वर झाली.

निषादच्या मनात भीतीच्या आधी मत्सर पेटला.

लग्नापासून त्याने स्वतःशी नाकारलेली गोष्ट आता त्याला नाकारता येईना: त्याच्या स्पर्शाने तिने इतक्या सुखाने डोळे कधीच मिटले नव्हते.