खडवलीच्या नदीची बारा चित्रं

शालन देवस्थळींनी आयुष्यात एकच भुताचा सिनेमा केला. तो पडला. तीस वर्षांनी कॉलेजच्या पोरांनी तो फोनवर शोधून काढला आणि त्यात त्यांनी साकारलेली नदीत बुडालेली बाई अमर झाली. शालनताईंना ओळख हवी होती ती चित्रकार म्हणून.

डोंबिवलीतल्या प्रदर्शनात त्यांनी खडवलीच्या नदीची बारा चित्रं लावली. सगळी निर्मनुष्य.

अभिप्रायवहीत पहिल्या दिवशी आलं, "पाण्यातली बाई अप्रतिम!" दुसऱ्या दिवशी, "बाई काठाशी आलीय, भारी!" ताईंनी चष्मा पुसून बाराही चित्रं पाहिली. नुसतं पाणी होतं.

शेवटच्या दिवशी एक गृहस्थ प्रत्येक चित्रापुढे थांबत थांबत ताईंच्या टेबलापाशी आले.

"लोक वहीत काहीही लिहितात हो. मला तर एकही बाई दिसली नाही. नुसती नदी. काय सुंदर रंगवलीत तुम्ही!"

ताईंचे डोळे भरून आले. "थँक यू" म्हणत त्या उठल्या.

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे अदबीने वाकले होते.

"एक सही द्या ना, मॅडम."

त्यांनी पुढे केलेलं पेन कुणीतरी घेतलं.