खिम्याची पानं

गुंडू हवालदार दारात आला तेव्हा डॉक्टर चेन स्वयंपाकघरात बसून डुकराचं मटण बारीक करत होते. दोन हातांत दोन सुऱ्या. लाकडी ठोकळ्यावर त्या आळीपाळीनं पडत होत्या आणि तो आवाज राजारामपुरीतल्या त्या गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. चीनशी लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्याकडं दात दाखवायला कुणी फिरकलं नव्हतं. म्हणून हल्ली संध्याकाळचं तेच रांधत.

“या की हवालदार,” ते म्हणाले. “कवळी टोचाय लागली काय परत?”

“कवळी झ्याक हाय.” गुंडूनं टोपी काढली नाही. “डॉक्टर, वरनं हुकूम आलाय. चिनी मानसं समदी गोळा करून राजस्थानात छावणीत न्यायची. सकाळच्या गाडीला तुमी आनि पोरगी.”

डॉक्टरांची बायको मार्था मोरीत सॅलडची पानं धूत होती. ती ओल्या हातानंच बाहेर आली.

“पोरगी कशाला? लीला हितं जल्मलीया. माजी हाय ती.”

“बाप चिनी तर पोरगी चिनी. मला तसंच सांगितलंय, वहिनी.”

“आनि मी?”

“तुमी हितल्या. तुमास्नी कोन हात लावत न्हाय. आपखुशीनं जायचं तर जावा, असं म्हनालेत सायेब. पर परत कवा सोडत्यात, ते सायबाला बी ठावं न्हाय.”

“बसा. जेवून घ्या आमच्यात,” डॉक्टर म्हणाले.

“नगं.” गुंडू वळला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. सकाळपर्यंत तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं.

डॉक्टरांनी सुऱ्या पुन्हा हातात घेतल्या.

“आता कशाला करताय हे?” मार्था म्हणाली.

“मटन उद्यापातूर टिकायचं न्हाय.”

त्यांनी कढई तापवली. लसूण, आलं टाकलं, मग खिमा. तो सुटा होईपर्यंत उलथण्यानं फोडत राहिले. मुंबईहून मागवलेल्या काळ्या सॉसची बाटली होती, ती उलटी धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबले. पातीचा कांदा आणि बारीक चिरलेला नवलकोल वरून घातला. मार्थानं सवयीनं दोन हिरव्या मिरच्या चिरून पुढं केल्या. दरवेळी ते नको म्हणत. आज त्यांनी घेतल्या.

“तू हितंच ऱ्हा,” कढईकडं बघतच ते म्हणाले. “आईला कोन बघनार?”

आई म्हणजे मार्थाची आई, विठाबाई. आतल्या खोलीत खाटेवर होती. डोळे गेल्यापासून पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हातात द्यावा लागे. मलकापूरच्या मुलानं तिला महिनाभरही ठेवून घेतली नव्हती.

“आनि लीलाला कोन बघनार?”

“मी हाय की.”

“तुमाला तिची येनी घालता येती?”

 डॉक्टरांनी कढई उतरवली.

मार्थानं आईला धरून आणून पाटावर बसवलं. लीला आज्जीच्या शेजारी बसली. ती नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. मधे परातीत पानं आणि भांड्यात वाफाळता खिमा. भाताचं पातेलं बाजूला. पान तळहातावर घ्यायचं, चमचाभर खिमा घालायचा, मुडपून एका घासात तोंडात घालायचं. लीलानं आपलं पान नीट मुडपलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

“आई, छावनीत शाळा असती?”

“असंल.”

“तू का येनार न्हाईस?”

“मी चिनी न्हाय म्हनत्यात.”

लीलानं बापाकडं बघितलं, मग आईकडं.

“मग तू पन चिनी हो की,” ती म्हणाली.

डॉक्टर उठले. पाणी प्यायचं निमित्त करून माठाकडं गेले आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ तिथंच उभे राहिले. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला नाही.

मार्थानं एक पान भरून आईच्या हातात दिलं. म्हातारीनं ते सावकाश चावलं, गिळलं. तोंड पदरानं पुसलं.

“गुंडू अजून पायरीवरच बसलाय न्हवं?”

“व्हय.”

“गाडी कवा हाय?”

मार्थाचा हात भांड्यातच थांबला. आईनं सगळं ऐकलं होतं तर.

“सकाळी,” ती म्हणाली.

 मार्था आईच्या तोंडाकडं बघत राहिली. आई आता म्हणेल, जा. माझं काय, मिशनच्या बायका बघतील मला, तू पोरीसंगं जा. एवढं आईनं म्हटलं की उठायचं, ट्रंक काढायची, आपलीही दोन लुगडी त्यात टाकायची. म्हातारीचे ओठ हलले. मार्था पुढं वाकली.

विठाबाईनं हात लांब करून चाचपडलं. आधी परात लागली, मग लीलाचा गुडघा. तो तिनं सोडला. मग मार्थाचं मनगट सापडलं, ते तिनं घट्ट धरलं.

“उद्या मला भात जरा मऊ कर, मार्था,” ती म्हणाली.