बटणाआधी हाक

"चाळीस वर्सं कुत्री पाळली, कदी कुनाला मशीन बांदाय लागलं न्हाई," नाथाजी गळ्याभोवतीच्या टॉवेलात पुटपुटले. शेजारी उभ्या चंद्राबाईंना ऐकू जावं आणि काउंटरमागच्या पोरीला जाऊ नये, एवढ्याच बेतानं.

पोरीला गेलं. समीक्षाचे कान दुकानदारीत तयार झाले होते. उंब्रजच्या हमरस्त्यावरचं हे पशुखाद्याचं दुकान वडिलांचं, पण कुत्र्यांच्या सामानाचं कपाट तिचं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ती ओळखायची, हे काय घेणार आणि कशाला घेणार. चुकायची क्वचित, आणि चुकलेलं मोजायची नाही.

हे तर सोपं होतं. माणदेशी मेंढपाळ नवराबायको, बाहेर पायरीशी बसलेला काळा कुत्रा. रस्त्याकडेला तळ पडला असणार, कुत्रं गाड्यांमागं धावत असणार, हाक मारली की ऐकत नसणार.

तिनं काउंटरवर दोन पट्टे मांडले. "हा नुसता थरथरतो. आणि हा थरथरतो, शिटी देतो, झटकाही देतो. रिमोट तुमच्या हातात, आठशे मीटरपर्यंत चालतो."

"झटका म्हंजी?"

"बारीक करंट. इजा नाही होत, मावशी."

"लाव माज्या हाताला," चंद्राबाईंनी मनगट पुढं केलं.

समीक्षानं पट्टा बांधला, रिमोट नाथाजींकडं दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्यो लगनातच मिळाय पायजे व्हता."

"दाबा की मग. का भ्या वाटतंय?"

नाथाजींनी रिमोट हळूच खाली ठेवला. चंद्राबाईंनीच तो उचलून बटण दाबलं. बांगड्या खळ्ळकन वाजल्या.

"ह्यो नगं," त्या मनगट चोळत म्हणाल्या. "त्यानं काय गुन्हा केलाय?"

"मग तो ऐकणार कसा?"

"ऐकतो की त्यो."

समीक्षा गालात हसली. प्रत्येक कुत्रेवाला हेच म्हणतो आणि मग पट्टा घेऊन जातो.

थरथरणारा पट्टा चंद्राबाईंना पसंत पडला. फोन वाजल्यागत होतंय, म्हणाल्या. पावसात चालंल का, तळावरच्या सौर दिव्यावर चार्ज हुईल का, अंधारात बटण चाचपून सापडंल का, सगळं विचारून घेतलं. मध्ये टेकाड आलं तर रिमोट एवढ्या लांब चालणार नाही, हे समीक्षानं आपणहून सांगितलं. ती खोटं बोलून माल खपवत नसे. तिला गरजच पडत नसे.

चहा आला. नाथाजींनी पेला बाजूला सारून साधं पाणी मागितलं. ते घोट घोट प्याले. आवाज त्यांचा घोगरा होता. जन्मभर रानात ओरडून दुसरं काय होणार.

"मामा, खडीसाखर चघळत जा," समीक्षा म्हणाली.

"चघळतो."

"आता शिकवायचं कसं, ते ऐका. नुसतं बटण दाबलं तर तो बिचकेल. आधी मामांनी हाक मारायची. लगेच बटण. आला की भाकरीचा तुकडा. हाक, बटण, तुकडा. दिवसातनं पुन्हा पुन्हा. मग एक दिवस नुसतं बटण दाबलं, तरी त्याला हाकच ऐकू येते."

रस्त्याकडं बघत उभे असलेले नाथाजी वळले. "कुनाची?"

"तुमचीच. दुसऱ्या कुणाची?"

चंद्राबाईंनी उगाच पदर सारखा केला. "रविवारपातूर शिकंल का?"

"आज गुरुवार, मावशी. तीन-चार आठवडे तरी धरा. हाका जेवढ्या जास्त, तेवढं पक्कं."

"आठवडं न्हाईत. सोमवारी मिरजंला जायाचंय."

"कार्य आहे का कुणाचं?"

"हाय."

"मेंढरं मग?"

"पंधरा दिस दीर बघंल. परत आल्यावर ह्ये बटनावर वळलं, तर मेंढरं ऱ्हातील. न्हाई वळलं, तर म्हसवडच्या बाजारात. दीड शेकडा हायती." बाजारभाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. नाथाजींनी पाण्याचा पेला पुन्हा उचलला, तो रिकामा होता.

"माप घेऊ," समीक्षा म्हणाली. "बोलवा त्याला."

नाथाजींनी ओठ जुळवून रानातली हाक घातली. "हिऱ्योऽ भुंग्या."

मोठ्यानं नव्हेच. बाहेर ट्रकनं कर्कश हॉर्न दिला, कुणीतरी टोस्टचा पुडा फोडला. भुंग्यानं तिकडं मान वळवली नाही. पेंडीच्या पोत्यांमधून सरळ वाट काढत आला आणि नाथाजींच्या पायताणाला पाठ लावून बसला. समीक्षानं मानेवरचे दाट केस बाजूला करून पट्टा बांधला, खाली दोन बोटं घालून सैल-घट्ट पाहिलं. भुंग्या अस्वस्थ झाला.

"ऱ्हा," नाथाजी म्हणाले. भुंग्या दगडासारखा राहिला.

समीक्षा उठली. इतक्या वर्षांत असं कुत्रं तिच्या दुकानात आलं नव्हतं. तिनं पुन्हा वाकून पट्टा सोडला आणि डब्यात ठेवून झाकण लावलं.

"मावशी, मी हा विकणार नाही. याला काय शिकवायचं राहिलंय? कुजबुजलात तरी ऐकेल हा. मामांचंच खरं, मशीन नको याला."

चंद्राबाईंनी डबा स्वतःकडं ओढला. "बांद पोरी त्यो पट्टा. तसं न्हाई त्ये. आमास्नी..."

नाथाजींनी बायकोच्या हातावर हात ठेवला.

"कुत्रं ऐकतंय गं," ते म्हणाले. "सोमवारी मिरजंच्या दवाखान्यात माजा आवाज काडून टाकत्यात."