खिडकी नसलेली केबिन

"खिडकी नसलेली दाखवा," थोरला म्हणाला. "तिला तसंही कुठे काय दिसतं?"

बुकिंगवालीने मान वर केली नाही. स्क्रीनवर तिने जहाजाच्या तळमजल्यावरच्या केबिनी काढल्या. बारा वर्षं जहाजांच्या सहली विकल्यावर ती गिऱ्हाईक पहिल्या प्रश्नावरून ओळखायची. सहलीला निघालेला माणूस आधी तारीख विचारतो. हा आल्या आल्या सगळ्यात स्वस्त काय ते विचारत होता, तेही स्वतःसाठी नाही.

ज्यांच्यासाठी केबिन हवी होती त्या आजी भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. शेजारी त्यांची मुलगी, घरातली धाकटी, फोनमध्ये डोकं घालून बसली होती. बुकिंगवालीने आजींसमोर पाण्याचा पेला ठेवला.

"आईला गार चालत नाही," धाकटी मान न उचलता म्हणाली.

"कोमटच आहे."

थोरल्याने खिशातून घडी घातलेलं पत्रक काढून काउंटरवर आपटलं. "हे तुमचंच ना? गेल्या आठवड्यात दाराखालून आलं. 'वर्षभर जहाजावर, वृद्धाश्रमापेक्षा स्वस्त.' खरं आहे, की नुसती जाहिरात?"

"खरं आहे. जहाज सुटायला थोडे दिवस उरले की न विकलेल्या केबिनी कंपनी मिळेल त्या भावाला काढते. लागोपाठच्या सगळ्या सफरी एकदम घेतल्या तर दर आणखी उतरतो. जेवण, कपडे धुणं, डॉक्टर, सगळं त्यातच."

"ऐकलंस? डॉक्टरसुद्धा!" थोरला बहिणीकडे वळला. "काल काय बोंब मारत होतीस?"

धाकटीने फोन बाजूला ठेवला. "दर मंगळवारी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जाते ती गुडघ्यांसाठी. तास तास बसते. जहाजवाले एवढा वेळ देणार आहेत? जरा तरी लाज वाटू दे, दादा. आईला समुद्रात सोडून येतोयस!"

"मग तू ने तुझ्या घरी."

"माझ्याकडे जागा कुठे आहे?"

"जागा नाही म्हणे! मग आईच्या कपाटावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी कुणी चिकटवली? त्याला बरी जागा आहे."

"ते कपाट आईच मला देणार होती!"

"अगं, चार खोल्यांत आम्ही पाच माणसं. मला घरून काम करायचं असतं. एक खोली मोकळी झाली तर कुणाचं काय बिघडलं?"

बुकिंगवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांनाही दार दाखवावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती खुर्चीकडे वळली. "आजी, तुम्हाला काय हवंय?"

"तिला ऐकू येत नाही," थोरला म्हणाला. "कानातल्या यंत्राची बॅटरी संपलीय."

"कधी?"

"झाला असेल महिना. आणायची राहतेय."

महिना! बुकिंगवालीने कळफलक असा बडवला की धाकटी दचकली. आजी जमिनीकडे बघत होत्या.

"कायमचा पत्ता लागेल," बुकिंगवाली म्हणाली. "घर कुणाच्या नावावर आहे?"

"तिच्याच. पण राहतो आम्ही. तोच टाका."

"तो रकाना मी नंतर भरते. आणि एक आत्ताच सांगते. या दरात पैसे परत मिळत नाहीत. आजी दुसऱ्या दिवशी उतरल्या तरी नाही."

"ती कशाला उतरतेय?" थोरला हसला. मग बहिणीला म्हणाला, "कपाट ने. पण अर्धे पैसे तू भरायचे."

"आणि आरसा?"

"आरसाही ने. एकदा काय ते संपव."

मघाशी आईला समुद्रात सोडतोस म्हणून तावातावाने भांडणारीने पर्समधून कार्ड काढलं. दोन्ही कार्डं एकामागून एक यंत्रात गेली. आपल्या आईला घालवायला दोघांना मिळून पाऊण तासही लागला नाही.

थोरल्याने कागद आजींपुढे धरले आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "सही! कर! सही!"

आजींनी चारही पानांवर सह्या केल्या. कुठे करायची ते विचारलं नाही.

"तू बस इथेच. आम्ही गाडी आणतो," थोरल्याने खुणेने सांगितलं. काचेचं दार लागलं. बाहेर फुटपाथवर आरसा कोण उतरवणार यावरून पुन्हा जुंपली होती.

बुकिंगवाली हळू आवाजात म्हणाली, "लांबच्या मुक्कामाला वरची केबिन फुकट मिळते, ती तुमच्या नावावर टाकलीय. बाल्कनीची."

"सातव्या मजल्यावरची?" आजींनी लगेच विचारलं.

"तुम्ही मागच्या महिन्यात पसंत केली होती तीच."

"पत्रक छान छापलं होतंस. एकच काढलंस ना?"

"एकच. तुमच्यासमोरच नाही का काढलं? आणि घराच्या कागदांचं काय झालं?"

आजींनी मांडीवरची पिशवी थोपटली. "झाले. एवढे मंगळवार डॉक्टरांकडे काय गुडघे दाखवायला बसत होते? त्यांना खालची जागा लहान पडते. जहाज सुटतं अठ्ठावीसला, डॉक्टर एक तारखेला वर राहायला येतायत." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पेल्यातलं उरलेलं पाणी संपवून आजी उठल्या. "एक खोली मोकळी हवी होती ना यांना? मी चारही मोकळ्या करून ठेवल्यात."