वाघाचा स्वेटर

“माझ्या काँक्रीटला रंग फासणं म्हणजे वाघाला स्वेटर घालणं,” असं वास्तुरचनाकार प्रभुदेसाई आयुष्यभर गर्जत आले. त्यांच्या बाकी इमारती पाडल्या गेल्या होत्या. उरलं होतं हे उघड्या, करड्या काँक्रीटचं नाट्यगृह. त्याच्या सुवर्णमहोत्सवाला सत्कारासाठी ते गाडीतून उतरले आणि जागीच खिळले.

नाट्यगृह पिस्ता रंगाचं झालं होतं. खिडक्यांना गुलाबी काठ होता.

“तुम्ही येणार म्हणून आठ दिवस रंगारी खपत होते, सर,” नगराध्यक्ष हार घालत म्हणाले. “गाव पन्नास वर्षं हळहळत होतं हो. बिचाऱ्यांचा निधी गिलाव्याआधीच संपला, असं लोक म्हणायचे. माझे वडील तर शेवटपर्यंत तुमची कीव करायचे.”

पन्नास वर्षांपूर्वी उद्घाटनाला सगळं गाव इमारतीपुढे अवाक उभं होतं, आणि त्यालाच प्रभुदेसाई आजवर दाद समजत आले होते. आधारासाठी त्यांनी भिंतीला हात टेकला. ऑइलपेंट अजून ओला होता.

व्यासपीठावरून पुकारा झाला, “सरांनी आपल्या कारकिर्दीविषयी दोन शब्द बोलावेत.”

प्रभुदेसाईंनी पिस्ता झालेला तळहात पुढे केला. मग म्हणाले, “जरा रॉकेल मिळेल का?”