थंडाव्याची जागा

भुऱ्यानं दोरी ताणली आणि वासू घाईनं पुढं झाला. कुत्रा डोंगराकडं निघाला होता.

दोरीचं दुसरं टोक जंगलसाहेबाच्या हातात होतं. मागं शिपाई लखू आणि कोयते घेतलेले सहा गडी. सहा महिन्यांनी आपला कुत्रा बघायला साहेब गुंद गावाला आला होता. जरा फिरवून आणतो, एवढंच म्हणाला होता.

"सायब, हिकडं वाट न्हाई," वासू म्हणाला. "जळवा लई हायत."

लखूनं ते साहेबाला सांगितलं. साहेब हसला. कुत्र्याला वाट माहीत दिसतेय, म्हणाला, आणि दोरी आणखी सैल सोडली.

चैत्रात हाच साहेब घोड्यावरून वासूच्या दारात उतरला होता. सोबत हा कुत्रा. लांडग्याएवढा, करडा-पांढरा, डोळे निळे, अंगावर दोन घोंगड्या पांघरल्यासारखी लव. सैबेरिया नावाच्या मुलखातला. तिकडं म्हणे बारा महिने बर्फ, आणि बर्फावरच्या बिनचाकाच्या गाड्या हे कुत्रे ओढतात. इथल्या उन्हानं त्याची जीभ आत जात नव्हती. "याला थंड जागेत ठेव, नाहीतर मरेल," साहेबानं लखूकरवी सांगितलं. लव विंचरायला एक लोखंडी फणी दिली आणि गेला.

तशी जागा गुंदला एकच होती. वर, कड्याच्या पोटात एक झरा होता. वैशाखातही त्याचं पाणी हाताला झोंबायचं. पण त्या झऱ्याला लागूनच आठ घरांची कुमरी होती. रान तोडून, जाळून त्या राखेत नाचणी पेरायची, ती कुमरी. सरकारनं ती कधीच बंद केली होती. पण खालच्या वाफ्यांतलं भात पौषापलीकडं पुरत नव्हतं. म्हणून बुधवंत कान्हूनं, गावच्या म्होरक्यानं, प्रत्येकाकडून देवाची शपथ घेतली होती. परक्या जिवाला तिथं न्यायचं नाही.

वासूनं दोन दिवस कुत्र्याला घरामागच्या फणसाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो उठेना. डोळे उघडून नुसता वासूकडं बघत राहिला. वासूनं त्याला खांद्यावर घेतलं आणि वर नेलं. भुऱ्या दिवसभर झऱ्याच्या चिखलात पडून राहिला आणि उतरत्या उन्हाला त्यानं वासूच्या हातातून भात खाल्ला. मग रोज सकाळी तेच. वासू फणी फिरवायचा आणि टोपलीभर लव निघायची. गिरजानं, वासूच्या बायकोनं, त्या लवेनं उशी भरली. भुऱ्या भुंकत नसे. तोंड वर करून लांब सूर काढायचा, आणि वाडीतली पोरं त्याच्या सुरात सूर मिसळायची. कान्हूला सगळं कळलं होतं. मुकं जनावर आहे, म्हणून तो गप्प राहिला.

आता भुऱ्या शेवटची चढण पळतच चढला. झऱ्यात पोट टेकून बसला आणि वासूकडं बघून शेपूट हलवू लागला. भोवती कमरेएवढी नाचणी उभी होती. कणसं भरून वाकली होती.

साहेबाला नवल वाटलं नाही. त्यानं फक्त हात वर केला. ऊन उतरायच्या आत आठ घरांचं वर्ष कापून, रचून, जाळून झालं. जाताना साहेबानं कुत्रा सोबत नेला.

कान्हूनं गाव जमवलं आणि एकच विचारलं. "कुत्र्याला ही जागा कुणी दावली?"

"म्या," वासू म्हणाला.

गावानं त्याला वाळीत टाकलं, त्याचं पाणी बंद झालं.

तिसऱ्या दिवशी लखू आला. साहेबानं फणी मागितली होती. वासूनं ती आणून दिली.

"भुऱ्यावर राग न्हाई माझा," तो म्हणाला. "जनावर त्ये. आन सायबाला तरी काय ठावं हुतं? कुत्र्याला फिरवायला आला, आन सापडलं."

लखूनं फणी कमरेला खोचली, दोन पावलं गेला आणि परत फिरला. तोही याच डोंगरातला.

"तीन कुत्री हायत सायबाकडं," तो म्हणाला. "तीन गावांत दिलीत. सगळीकडं ह्येच सांगितलं, थंड जागंत ठेव. म्याच सांगितलं माझ्या तोंडानं. उद्या उळवीच्या अंगाच्या वाडीत, फुलाबाईकडं जायचं हाय."

वासू खालीच बसला. साहेब दारात उतरला तो दिवस त्यानं पुन्हा आठवून बघितला. साहेबानं कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. तो हातही त्याला आता कळेना.

मग तो उठला आणि उळवीच्या वाटेला लागला. दुपार कलली तेव्हा त्या वाडीत पोचला. फुलाबाईच्या अंगणात ओल्या गोणपाटावर तसाच कुत्रा पडला होता, जरा काळसर. ती त्याची लव विंचरत होती. वासूनं अंगणाबाहेर उभं राहून आपलं नाव-गाव आणि सगळं सांगितलं. साहेब, झरा, राख, लखूचं बोलणं. उद्याच्या आत कुत्र्याला हितनं लांब कुठंतरी न्या, म्हणाला.

फुलाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमच्या गावचा माणूस काल येऊन गेला," ती म्हणाली. "वासू नावाच्या माणसानं गाव इकलं म्हणून सांगून गेला. आता ह्या मुक्या जिवावर उठलास व्हय?"

तिनं कुत्र्याची दोरी सोडली आणि वासूपासून लांब, वरच्या कुमरीच्या वाटेनं, त्याला लपवायला घेऊन गेली.