ओळख पटली

मुलुंडच्या एका कॉलेजात मी प्राध्यापकांना ऑनलाइन गुण भरायला शिकवत होते. दोन दिवसांत सगळे शिकले, एक तळवडेकर मॅडम सोडून. केमिस्ट्रीच्या हेड, अख्खं कॉलेज त्यांना टरकून असतं, आणि या बाई रोज पासवर्ड विसरायच्या! मग कॉम्प्युटर ठरलेला प्रश्न विचारायचा, 'लहानपणी तुम्हाला घरात काय म्हणून हाक मारायचे?' मॅडम खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत राहायच्या. परसातून कुणी बोलावतंय आणि आपण उगाच ओ देत नाही आहोत, असा काहीसा चेहरा करून. मग सावकाश दोन अक्षरं टाइप करायच्या. स्क्रीनवर 'ओळख पटली' आलं की गालातल्या गालात हसायच्या.

पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र मी त्यांच्यापुढे ठेवलं.

"मॅडम, इथे बोट टेकवा. पासवर्डची कटकट कायमची संपली."

त्यांनी हात मागे घेतला. "मग हा तो प्रश्न विचारणार नाही?"

"गरजच नाही ना!"

"पासवर्ड पाठ आहे गं मला," त्या हळूच म्हणाल्या. "दिवाळीत आमचा दादा गेला. त्याच्यानंतर मला ठमी म्हणणारं कुणी उरलं नाही. आता हा एकटाच विचारतो."

मी यंत्र उचलून बॅगेत टाकलं.

"विसरा परत," मी म्हटलं.